भुंगा

आई त्याला भुंगा म्हणते. पाती फिरायला लागली की जो गुणगुणाट सुरू होतो, त्यावरून तिने पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं. आता वाडीतली पोरं, शेजारचे होमस्टेवाले, सगळेच त्याला भुंगा म्हणतात. कागदोपत्री तो डीजेआय मिनी 2 ड्रोन. नोव्हेंबर 2020 मध्ये बाजारात आलेलं मॉडेल, वजन 249 ग्रॅमच्या आत. चारी हात मिटले की ओंजळीत मावतो. हात उघडून खाली ठेवला तर पोट जवळजवळ जमिनीला टेकतं, इतके त्याचे पाय आखूड. नाकाशी कॅमेरा आणि पोटाखाली जमिनीकडे बघणारे बारीक सेन्सर. पुढचं, बाजूचं, मागचं त्याला काहीच कळत नाही. समोर माड आला तर तो कॅमेऱ्यातून आपल्याला दिसतो. भुंग्याच्या लेखी तिथे मोकळी हवाच असते.

मी दापोलीजवळ राहते. बागायतदारांना, होमस्टेवाल्यांना वरून काढलेले व्हिडिओ करून देते, आणि अलीकडे नवशिक्यांना ड्रोन उडवायला शिकवते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती असते: गेला आणि परत आलाच नाही तर? आणि प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं की काळजी नको, एक बटण आहे, ते दाबलं की आपोआप घरी येतो. सांगणारा खोटं बोलत नाही. रिटर्न टू होम, म्हणजे आमच्या बोलण्यातला आरटीएच, हा भुंग्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. पण त्या गुणालाही एक स्वभाव आहे, आणि तो समजून न घेता त्याच्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

त्या स्वभावाची सुरुवात उडण्याआधीच्या मिनिटात होते. पॉवरचं बटण एकदा टिचकीसारखं दाबायचं, मग पुन्हा दाबून धरायचं. दिवे लागतात. कॅमेरा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली मान हलवून स्वतःची तपासणी करून घेतो आणि मग भुंगा गप्प होतो. नवशिक्याला वाटतं, झाला तयार. खरं तर तेव्हा तो आकाशात उपग्रह शोधत असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपली जागा ठरवायला त्याला निदान चार उपग्रह लागतात, आणि खात्रीने ठरवायला त्याहून बरेच जास्त. संकेत पुरेसे मिळाले की ज्या जागेवर तो बसला आहे तिची नोंद करतो. मोबाइलवर होम पॉइंटची नोंद झाल्याची सूचना येते आणि नकाशावर खूण उमटते. भुंग्याचं घर म्हणजे ती खूण. तुम्ही कुठे उभे आहात, त्याला कोण घेऊन आलं, गाडी कुठे लावली आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राला आपली जागा इतकी नेमकी कळावी, ही गोष्ट तशी अलीकडची. 2000 सालच्या मेपर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम गडबड मिसळत असे, आणि त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शके. ती गडबड बंद झाली आणि चूक काही मीटरवर आली. शंभर मीटर चुकणाऱ्या भुंग्याला घरी ये म्हणून सांगण्यात अर्थच नव्हता, तो खुशाल खाडीत उतरला असता. आजही ते ‘काही मीटर’ उरलेलेच आहेत. उतरण्याची वेळ येते तेव्हा त्यांचा हिशेब लागतो.

घाई करणारे याच मिनिटात फसतात. सूचना येण्याआधीच स्टिक वर ढकलली तर भुंगा नाही म्हणत नाही, उडतो. मग वर गेल्यावर जिथे पुरेसे उपग्रह सापडतील, तिथल्या बिंदूला तो घर मानतो. तो बिंदू शेजाऱ्याच्या माडावर असेल, नाहीतर विहिरीवर. पुढे बटण दाबलं की तो इमानेइतबारे त्या विहिरीवर येतो आणि खाली उतरायला लागतो. त्याने दिलेला शब्द पाळलेला असतो. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्याला मी मोबाइलवरची खूण आणि पायाखालची जागा जुळते आहे का, हे मोठ्याने बोलून दाखवायला लावते. पोरं आधी लाजतात, पण बोलतात.

गाडीवान झोपला तरी बैल गाडी बरोबर घरी आणतात, हे आमच्या आजोबांच्या पिढीने अनुभवलेलं. भुंग्याचा आरटीएच पाहिला की जुन्या माणसांना हटकून ती आठवण होते, आणि नेमकी तिथेच गल्लत होते. बैलाला वाट माहीत असे. वाटेतला खड्डा, ओढ्याचा उतार, वळणावरचा दगड त्याच्या अंगवळणी पडलेला असे. भुंग्याला फक्त घर माहीत असतं. मधल्या वाटेबद्दल त्याने कधी काही शिकलेलंच नसतं. त्याच्याकडे एक ठिकाण असतं आणि आपण नेमून दिलेली एक उंची. ही उंची नेमणं हे नवशिक्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सेटिंगमध्ये जाऊन ती कधी कुणी पाहिलेली नसते.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची आली होती, कर्देच्या किनाऱ्यावर तिला शिकवत होते. सकाळची वेळ. मागे सुरूचं बन, पुढे ओहोटीने उघडी पडलेली लांबलचक पुळण. भुंगा बारा मीटर उंचीवर, आमच्यापासून शंभरेक पावलांवर तरंगत होता. मी म्हटलं, आता आरटीएच दे. रिमोटवर एकच बटण दोन कामं करतं. एकदा दाबून सोडलं तर भुंगा आहे तिथे थबकतो, दाबून धरलं तर घरी निघतो. तिने दाबून धरलं. रिमोट टीं टीं करू लागला. भुंगा थांबला, आणि आमच्याकडे यायच्या ऐवजी सरळ वर चढू लागला. वीस मीटर, पंचवीस, तीस.

“मावशी, हा वर का चाललाय? मी तर घरी ये म्हटलं!”

“घरीच येतोय. हात सैल सोड आणि बघत राहा.”

“अगं, दिसेनासा होईल!”

तिची दोन्ही बोटं स्टिक खाली ओढायला शिवशिवत होती. नव्या माणसाची अंतःप्रेरणा इथे अगदी उलटी सांगते. भुंगा मात्र त्याला दिलेला हुकूम अक्षरशः पाळत होता. सुरूची झाडं पंधरा-वीस मीटरची, त्यांच्या पलीकडे वाडीतले माड तसेच उंच, म्हणून मी परतीची उंची चाळीस मीटर नेमून ठेवली होती. घर लांब असेल आणि आपण त्या उंचीखाली असू, तर आधी चढायचं, मग सरळ रेषेत जायचं, आणि घराच्या बरोबर वर आल्यावर उतरायचं, हा त्याचा क्रम. चाळीसवर पोचला, थांबला, नाक घराकडे वळवलं आणि निघाला. लाटांच्या आवाजात हरवलेलं त्याचं गुणगुणणं पुन्हा ऐकू यायला लागलं, तेव्हा भाचीने खांदे खाली सोडले.

या क्रमाच्या कडा माहीत असाव्यात. आधीच नेमलेल्या उंचीहून वर असेल तर तो खाली येत नाही, आहे त्या उंचीवरूनच निघतो. घराच्या अगदी जवळ असताना बटण दाबलं तर मॉडेलनुसार त्याचं वागणं बदलतं. कुणी वर न चढता तिथेच उतरायला लागतो, तर कुणी आहे त्या उंचीवरून घराकडे सरकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चढताना तो वर बघत नाही. झाडाच्या फांदीखाली, लग्नाच्या मांडवाच्या कडेखाली, पुलाच्या कमानीत शिरलेल्या भुंग्याचा संपर्क तुटला आणि तो परतीला निघाला, तर पहिली हालचाल सरळ वर, म्हणजे छपरात. म्हणून डोक्यावर काही असेल अशा जागी उडवताना संपर्क तुटल्यावर काय करायचं हे सेटिंगमध्ये बदलता येतं: परत ये, जागीच तरंग, किंवा उतर. नवशिक्याने अशा जागी जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

उंची मोजायची त्याची पद्धतही ध्यानात ठेवण्यासारखी. हवेच्या दाबावरून तो मोजतो आणि शून्य म्हणजे जिथून उडाला ती जमीन. पायाखालची जमीन वर गेली तरी आकडा तोच राहतो. कोकणात ही बाब जिवावरची आहे, कारण इथे किनारा, मग वाडी, आणि लगेच उभा चढ घेऊन सडा. पुळणीवरून उडून डोंगराच्या सोंडेला वळसा घालून पलीकडच्या खाडीवर गेलात, भुंगा तीस मीटरवर आहे, आणि तिथे सोंडेआड संपर्क तुटला. तो चाळीसवर चढेल आणि घराकडे सरळ रेषा धरेल. सोंड सत्तर मीटर उंच असेल तर ती रेषा डोंगरातून जाते. काही मॉडेल संपर्क तुटल्यावर आधी आल्या वाटेने थोडं मागे येतात, तेवढ्यात संपर्क पुन्हा जुळतो आणि निभावतं. पण भरवशाचा उपाय एकच: वाटेतली सगळ्यात उंच गोष्ट कोणती, हे उडवण्यापूर्वी मान वर करून बघायचं आणि परतीची उंची तिच्याहून चांगली वर ठेवायची. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जाणाऱ्यांनी तर उजळणी केल्यासारखं हे करावं.

भुंगा तीन कारणांनी घरी निघतो. आपण बोलावलं म्हणून, संपर्क तुटला म्हणून, आणि बॅटरी उतरली म्हणून. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे तो हिशेब करतो. घर किती लांब आहे, तिथवर जायला किती वीज लागेल हे तो उडताना सारखं मोजत असतो, आणि आता निघायला हवं असं वाटलं की मोबाइलवर सांगतो. दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. आपण काही केलं नाही तर निघतो, रद्द केलं तर थांबतो. रद्द करणाऱ्याला चांगला शॉट मिळत असतो, सूर्य नेमका सुवर्णदुर्गामागे टेकलेला असतो. पण एकदा ही सूचना झुगारली की पुढची पायरी कठोर आहे. जिथे आहे तिथून खाली उतरण्यापुरतीच वीज उरली की तो उतरतो. खाली जमीन असो, पाणी असो. ते उतरणं रद्द करता येत नाही, फार तर उजव्या स्टिकने त्याला आडवं सरकवून बऱ्या जागेवर नेता येतं. सूचना आली की निघू द्यावं. सूर्य उद्याही तिथेच टेकणार आहे.

त्याच्या हिशेबात एक गोष्ट नीट बसत नाही: वारा. खोक्यावर 31 मिनिटं लिहिलेली असतात. ती वारा नसताना, सेकंदाला 4.7 मीटर अशा संथ वेगाने उडवून मोजलेली. शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आमच्याकडे रोज वाहतात. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे. नवशिका सकाळी येतो, कारण ऊन नसतं, माणसं नसतात, आणि पहिल्याच दमात भुंग्याला समुद्रावर लांब पाठवतो. जाताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे ‘काय पळतोय’ असं वाटतं. साध्या मोडमध्ये त्याचा वेग सेकंदाला 10 मीटर, म्हणजे 600 मीटर एका मिनिटात. परतताना समोरून सेकंदाला 7 मीटरचा वारा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर, असेल तर पुढे सरकायला 3 मीटर उरतात. तेच अंतर तीन मिनिटांहून जास्त खातं, आणि सगळा वेळ नाक खाली घालून झुंजताना बॅटरीही जास्त जळते. शिवाय आरटीएचमध्ये तो वर चढतो, आणि वर वारा जास्त असतो. किनाऱ्यावर उभं राहून गालाला लागणाऱ्या वाऱ्यावरून चाळीस मीटरवरचा अंदाज बांधू नये.

उपाय जुन्याच शहाणपणाचा आहे. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना वारा पाठीशी घे. सकाळी समुद्राकडे न जाता वाडीकडे, दुपारी उलट. आणि समोरून वारा असताना आरटीएचमध्ये भुंगा वर नुसताच थरथरतोय, अंतर कमी होत नाही असं दिसलं, तर परत बोलावण्याचा हट्ट सोडायचा. बटण दाबून आरटीएच रद्द करायचा, मधे अडथळे नाहीत याची खात्री करून त्याला खाली आणायचा, स्पोर्ट मोड लावायचा आणि स्वतः हाताने आणायचा. आपोआप होणारी गोष्ट आपण थांबवू शकतो, हे नवशिक्याच्या मनातच येत नाही. पहिल्या दिवशी मी आरटीएच सुरू करायला शिकवते, त्याच दिवशी तो मधेच तोडायलाही शिकवते.

आता घर हलतं ती गोष्ट. कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन दाखवायला होड्या जातात. कुणीतरी उत्साहात होडीतून भुंग्याचा एखादा भाऊ सोडतो. उडतो छान. होडी पुढे जाते. दहा मिनिटांनी बटण दाबतात आणि तो घरी येतो, म्हणजे होडी मघाशी जिथे होती त्या पाण्यावर. त्याला होडी कळत नाही. पाण्यावर पोटाखालचे सेन्सरही गोंधळतात. होम पॉइंट बदलून रिमोट आहे तिथे आणण्याची सोय सेटिंगमध्ये असते, पण पुढे सरकणाऱ्या, डुलणाऱ्या होडीसाठी तीही तोकडी पडते. होडीवरून उडवायचं ते हाताने उतरवणं पक्कं जमल्यावरच.

आणि होडीत न बसताही घर पाण्यात जाऊ शकतं. आमची पुळण इतकी सपाट की भरती लागली की पाणी बघता बघता वर सरकतं. ओल्या वाळूवरून उडालात, बॅटरी संपेपर्यंत फिरवलात, तर जिथून उडाला तिथे एव्हाना लाट फिरत असेल. भुंगा लाटेवर उतरेल, कारण त्याच्या नोंदीत ती कोरडी जागा आहे. म्हणून जागा भरतीच्या खुणेच्या वर, कोरड्या वाळूत. पण कोरडी वाळू उडते आणि कॅमेऱ्याच्या सांध्यात जाते, म्हणून खाली चटई. चटई हलकी असली तर पात्यांच्या वाऱ्याने उलटून त्यांच्यातच जाते, म्हणून तिच्या चारही कोपऱ्यांवर जांभ्या चिऱ्याचे तुकडे ठेवायचे आणि मधली जागा मोकळी. मी निळ्या-पांढऱ्या चौकटींची चटई वापरते, त्यालाही कारण आहे.

कारण शेवटच्या दहा मीटरमध्ये आहे. जीपीएसची चूक काही मीटरची म्हटलं ना, तेवढ्या चुकीने भुंगा चटईऐवजी बाजूच्या निवडुंगावर उतरू शकतो. भुंग्याच्या पुढच्या-मागच्या नातेवाइकांत, म्हणजे थोड्या महागड्या मॉडेलांत, यावर एक युक्ती असते. उडताना सरळ वर गेलात तर ते पोटाखालच्या डोळ्यांनी जमिनीचं चित्र टिपून ठेवतात आणि उतरताना ते चित्र जुळवून नेमके त्याच जागी येतात. त्यासाठी उडताना आधी दहाएक मीटर सरळ वर जायचं, मग वळायचं. जमिनीला काही ओळख हवी, उजेड हवा. एकसारख्या वाळूत ओळखण्यासारखं काय असतं? चौकटींची चटई असते. भुंग्याला ही युक्ती जितकी येते त्याहून जास्त गृहीत धरू नये, पण सरळ वर जाण्याची सवय त्याच्याबाबतीतही लाखमोलाची, कारण हवेच्या ज्या खांबातून तो वर गेला तिथे तार नाही, फांदी नाही हे आपण पाहिलेलं असतं. त्याच खांबातून तो खाली येतो.

जमीन जवळ आली की तो हळू होतो. खालची जागा उतरण्यालायक वाटली नाही तर अर्ध्या मीटरच्या आसपास थबकतो आणि विचारतो: उतरू? त्या वेळी मोबाइलच्या पडद्यात न बघता त्याच्याकडे बघायचं. कुत्रा येतोय का, पोरगं धावतंय का. कोकणात कुत्र्यांना भुंग्याचं भारी आकर्षण. अडचण असेल तर डावी स्टिक वर, तो वर जातो. सगळं ठीक असेल तर डावी स्टिक खाली ओढून धरायची, पाती थांबेपर्यंत सोडायची नाही. अर्धवट सोडली की तो परत उसळी घेतो आणि आखूड पायांवर कलंडतो. पाती पूर्ण थांबल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. हातात झेलणं दिसायला देखणं, पण नवशिक्याने ते मनातसुद्धा आणू नये. वजन 249 ग्रॅम असलं तरी पाती बोट कापतात.

मोबाइल उन्हाने तापून बंद पडला तर भल्याभल्यांचे हातपाय गळतात. पण भुंगा रिमोटशी बोलतो, मोबाइलशी नव्हे. पडदा काळा झाला तरी रिमोटवरचं बटण चालतं. तेव्हा ते दाबून धरायचं आणि वर बघायचं. घारींनी घेरलं तर मात्र आरटीएचची वाट बघत बसू नये. घार त्याच्यावर झेप घेते. त्या वेळी वर चढून तिच्या टप्प्यातून सुटायचं आणि मगच परतायचं.

नियमांचं थोडक्यात सांगते. 25 ऑगस्ट 2021 पासून ड्रोन नियम, 2021 लागू आहेत. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण कुठेही, कितीही उंच उडवायची मुभा मिळते असं नाही. डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल विभाग बघायचा. हिरव्यातही 400 फूट, म्हणजे 120 मीटर, ही मर्यादा. रत्नागिरीला तटरक्षक दलाचं विमानतळ आहे, चिपीला ऑक्टोबर 2021 पासून सिंधुदुर्ग विमानतळ सुरू आहे, त्यामुळे कोकण म्हणजे मोकळं रान हा समज चुकीचा. सुवर्णदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, 2025 मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. हर्णै बंदरावर उभं राहून किल्ल्यावर ड्रोन नेण्याचा मोह परवानगी हातात येईपर्यंत आवरावा. आणखी एक व्यवहाराची बाब: 9 फेब्रुवारी 2022 ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. भुंगा पाण्यात गेला तर दुसरा भुंगा सहज मिळत नाही. मी त्याला इतका जपते त्याला हेही एक कारण आहे.

भाची त्या सकाळी भुंगा पुन्हा पुन्हा लांब नेत होती आणि बोलावत होती. उन्हं वर आली तशी तिची बोटं स्थिर झाली. परतीला निघालेला भुंगा आधी वर चढतो याची तिला आता भीती वाटेनाशी झाली. मग एकदा तो घराच्या वर येऊन उतरायला लागला, वीस मीटर, पंधरा, आणि तिने स्वतःहून बटण दाबून आरटीएच तोडला. टीं टीं थांबलं. भुंगा जागीच तरंगला. चटईपासून दोन हात उत्तरेला सरकलेला होता. तिने उजव्या स्टिकने त्याला हळूच बाजूला घेतलं, कोपऱ्यावरचे चिरे बघितले, डावी स्टिक खाली घेतली आणि पाती थांबेपर्यंत धरून ठेवली. निळ्या चौकटीत टेकला.

“मावशी, अजून चौतीस टक्के आहे. एकदा जाऊ?”

“बॅटरी हात लावून बघ.”

तिने बघितली. “तापलीय.”

“मग दुसरी घाल. आणि खूण जुळेपर्यंत थांब.”